गिटार चालते, बाई चालत नाही

बेबीनंदा सिस्टरला राग फार लवकर येतो, हे अख्ख्या जुन्या जालन्याला माहीत आहे. धान्याच्या ठोक दुकानांमागे तिची गल्ली. तिथं कुणी ॲटो आडवा लावला की शेजारचे लोकच ओरडतात, “काढ बाबा जल्दी, सिस्टर यायचा टाइम झाला.” तिची भावजय सोनूबाई म्हणते, आमच्या नणंदबाई राग नाकाच्या शेंड्यावर घेऊनच जन्माला आल्या. असेल. पण लोकांना राग तेवढा दिसतो, तो कशावर आला हे बघायची तसदी कुणी घेत नाही. ओल्या बाळंतिणीला दुसऱ्याच दिवशी कोयता घेऊन फडात बोलावणाऱ्या मुकादमाला तिनं भर उसात सोलून काढला होता, तेव्हाही लोक एवढंच म्हणाले की नर्सबाई लई तापट आहे. मुकादमाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

तिची आरोग्य सेविकेची नोकरी बहुतेक अंबड तालुक्यातच गेली, त्यातली बरीच वर्षं अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या बाजूला असलेल्या उपकेंद्रात. नवरा राजानंद कारखान्यात फिटर होता. दिवसभर ग्रीसमध्ये हात, आणि संध्याकाळी तेच हात धुऊन गिटार. त्या भागातल्या गायन पार्ट्यांमध्ये ढोलकी, पेटी, खंजिरी सगळं असे. गिटार वाजवणारा मात्र राजानंद एकटाच. त्यामुळे चौदा एप्रिल जवळ आला की त्याला गावोगावचं बोलावणं येई. बायकोलाही त्यानं कॉर्ड शिकवायला सुरुवात केली होती. दोन-तीन शिकवून झाल्या, आणि एका संध्याकाळी उसाच्या ट्रॉलीवर मागून त्याची मोटारसायकल आदळली. सिस्टर तेव्हा तिशीचीही नव्हती.

मग लोकांनी काय करावं? दीर म्हणाला, गिटार विकून टाकू. चुलतसासू म्हणाली, मेलेल्या माणसाची वस्तू, तिच्यातून आवाज काढायचा म्हणजे घरात रडं आणणं आहे. सिस्टरनं दिराला सांगितलं, “गिटार गेली तर मीबी तिच्यामागं निघंन आन् तुझ्या घरी येऊन राहीन. बघ, परवडतंय का.” दिराला परवडणारं नव्हतं. गिटार राहिली. उरलेल्या कॉर्ड ती आपल्या आपण शिकली, कधी पुस्तकावरून, पुढं मोबाइलवरून. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले. लस टोचताना पोरं त्या बोटांकडं बघून विचारत, सिस्टर, तुमी शेतात जाता का?

आता राग कशावर, ते ऐका. ज्यांच्या आज्या-आजोबांनी छप्पन साली धम्म घेताना देव-देवस्की, मुहूर्त, विटाळ, सगळ्याचं गाठोडं बांधून पाण्यात सोडलं, त्यांच्याच सुना बारशाला सिस्टरला पाळण्याची दोरी धरू देईनात. तोंडावर कुणी बोलत नसे. “सिस्टर, तुम्ही बसा ना, दमल्या असाल,” असं गोड बोलून दोरी दुसरीच्या हातात जाई. आणि पाळण्यातलं ते बाळ आठ-बारा दिवसांपूर्वी ह्याच बाईच्या हातांवर जन्मलेलं असे! नाळ कापताना हात चालत होते, दोरी धरताना मात्र कपाळ दिसलं. सिस्टर घुगऱ्या न खाता घरी यायची आणि गिटार काढून बसायची. तिचा राग असा बऱ्याच वर्षांचा आहे, आणि तो अगदी बरोबर आहे.

एक जागा मात्र तिला मिळाली. पौर्णिमेला गल्लीजवळच्या विहारात बाया वंदनेला जमत. एकदा ती गिटार घेऊन गेली आणि मागं बसून गाथांबरोबर हळूच तारा छेडू लागली. बायांचं म्हणणं संथ, ओळीच्या शेवटी कुणी पुढं तर कुणी मागं. ती त्यांच्यासाठी थांबायची, सगळ्यांना गोळा करायची, मग पुढच्या ओळीला लागायची. सुरुवातीला दोघी-चौघींनी नाकं मुरडली. वर्षाच्या आत त्याच विचारू लागल्या, “सिस्टर, आज गिटार न्हाई आणली व्हय?”

हे सगळं जिनं पाहिलं ती म्हणजे प्रिया, भावाची मुलगी. भाऊ भागवत आणि सोनूबाई, त्यांचं घर खेड्यात, म्हणून प्रिया शाळेपासून आत्याकडंच राहिली. लहानपणी तिला झोप लागत नसे. आत्या एक चाल वाजवायची, शब्द नसलेली, तिची तिनंच जुळवलेली. त्या चालीवर प्रिया झोपायची. आता ती बँकेत नोकरीला लागली होती, आणि मस्तगडच्या शिवाजी सरांच्या मुलाचं, नागसेनचं, स्थळ तिला आलं होतं. मुलगा चाकणला कंपनीत, शांत, कमी बोलणारा. वडील मात्र ती सगळी कसर भरून काढणारे.

शिवाजी सर निवृत्त मुख्याध्यापक. एप्रिल महिन्यात जालना जिल्ह्यात जितकी व्याख्यानं होतात त्यातली निम्मी त्यांची. विषय ठरलेला, अंधश्रद्धा निर्मूलन. माईक हातात आला की सोडत नाहीत, आणि घरातसुद्धा माईकवर बोलल्यासारखं पुस्तकी बोलतात. साखरपुड्याच्या दिवशी चहा झाल्यावर लग्न कसं करायचं ते निघालं. कुणी डीजेचं नाव काढलं.

“डीजे बिलकुल नको,” प्रिया म्हणाली. “मी चालत येईन तव्हा आन् गाथा होतील तव्हा आत्या गिटार वाजवंल. मला दुसरं काही नको, साडी कसलीबी आणा.”

सिस्टरला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. ती चहाचे कप उचलत होती, ते तिनं पुन्हा खाली ठेवले. एवढ्या वर्षांत कुठल्या लग्नात तिला कुणी पुढं बोलावलं नव्हतं. जेवायला बोलवायचे, आहेर घ्यायचे. आणि ही पोर सगळ्यांसमोर म्हणत होती की माझ्या लग्नाला आत्याच पाहिजे.

“वा!” शिवाजी सर म्हणाले. “मुलीचे विचार क्रांतिकारी आहेत. आत्याबाई, आपण अवश्य वाजवा. हा तर आमचा बहुमान आहे!” त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या, म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या.

त्या दिवसापासून दवाखान्यातून आल्यावर सिस्टरचं दुसरं काही सुरू नव्हतं. नव्या तारा मागवल्या. विहारातल्या बायांना बोलावून गाथा म्हणायला लावायची आणि कुठं किती थांबायचं ते पक्कं करायची. प्रिया स्टेजकडं चालत येईल तेव्हासाठी तिनं तीच जुनी चाल निवडली, झोपवायची. फक्त थोडी चढी केली, की झोपवायची ती आता जागं करेल. गल्लीतले लोक दार उघडं दिसलं की थांबून ऐकायचे. ॲटोवालेही त्या आठवड्यात वाचले.

मग एक दिवस रामकिसन आला. हा नागसेनचा मामा. दोन्ही घरांत जाऊन-येऊन असणारा, कुणाचं अवघड बोलणं कुणाला पोचवायचं ते काम आपोआप त्याच्याकडं येतं. खुर्चीत बसला, पाणी प्यायला, आणखी पाणी मागितलं.

“ताई, ते गिटारचं जरा... सर म्हणून राह्यले, धम्माच्या विधीत बसत न्हाई ते. चर्चचं वाद्य हाय. गाथा कशा शांततेत झाल्या पाह्यजेत.”

“आन् पेटी?” सिस्टर म्हणाली. “पेटी काय बुद्धाच्या काळातली हाय का? ती साहेबाच्याच देशातून आल्ती ना?”

“मला काय त्यातलं कळतंय ताई. मी निरोप्या.”

“साखरपुड्यात टाळ्या वाजवल्या तव्हा चर्चचं नव्हतं व्हय?”

रामकिसननं आणखी पाणी मागितलं. सिस्टरचा पारा चढला होता, पण ती गप्प झाली. दुसरं काही कारण असतं तर ती तडक मस्तगडला जाऊन सरांच्या दारात उभी राहिली असती. पण धम्माचं नाव घेतलं होतं. विधी शुद्ध असावा असं कुणाला वाटत असेल, तर आपण आपल्या हौसेपायी मोडता कशाला घालायचा, असं तिनं मनाला समजावलं. प्रिया ऐकेना, तर तिलाही तिनंच समजावलं. “सासर हाय. पहिल्याच दिशी वाद नको. तू तयार होशील त्या खोलीत मी वाजवते ना तुझ्यापुरतं. बराबर हाय ना मंग?” प्रिया बराबर म्हणाली नाही, पण पुढं अडूनही बसली नाही.

लग्न अंबड रोडवरच्या मंगल कार्यालयात होतं. मुहूर्त आपल्यात मानत नाहीत, पण पत्रिकेवर वेळ बारा वाजून पस्तीस मिनिटं छापलेली होती. साडेबाराला हॉलमध्ये खुर्च्या लावणंच सुरू होतं. वधूच्या खोलीत प्रिया पांढरी साडी नेसून बसली होती. सिस्टरनं गिटार पिशवीतून काढली, कान देऊन तारा जुळवल्या आणि ती चाल सुरू केली. सोनूबाईनं डोळ्यांना पदर लावला. आणि मध्येच प्रिया म्हणाली, “आत्या, थांब. बाहेर कोण वाजवून राह्यलं?”

सिस्टर थांबली, तरी गिटार वाजतच होती. हॉलमधून, मोठ्या स्पीकरवर.

ती बाहेर आली. फुलांनी मढवलेल्या स्टेजच्या एका कडेला काळा कोट घातलेला एक तरुण माणूस उंच स्टुलावर बसून गिटार लावत होता. समोर माईक, पायाशी वायरी. तिनं जवळ जाऊन नाव विचारलं. आदिनाथ, संभाजीनगरहून आलेला. सभ्य माणूस होता, उठून उभा राहिला. “इव्हेंटवाल्यांनी पाठवलंय मॅडम. एन्ट्रीला आणि विधीला लाइव्ह गिटार सांगितलीय. महिना झाला बुकिंगला.”

महिना झाला म्हणजे रामकिसन पाणी पीत बसला होता त्याच्याही आधी.  तिनं जेवणाच्या मांडवात रामकिसनला गाठला. तो बुंदीच्या परातीपाशी उभा राहून वाढप्यांना सूचना देत होता.

“रामकिसन, चर्चचं वाद्य स्टेजवर बसलंय. धम्मात बसलं का आता?”

त्यानं इकडं-तिकडं पाहिलं. पळायला जागा नव्हती. “ताई, गिटारचं न्हाई हो... मुलाकडचं पहिलंच कार्य. बायकांचं म्हणणं पडलं. आमच्या उषाताईला वाटतंय, पांढऱ्या कपाळाची बाई स्टेजवर, आन् त्यात राजानंददादाची ती वस्तू... सरांचं काही न्हाई बरं का. सर तर पुढारलेलेच हायेत. पण बायकांपुढं कुणाचं चालतं? तुम्ही खाली बसा, जेवा, फोटो काढा. खाली कुणाची काय ना न्हाई. फक्त स्टेजवर नको.”

तर असं होतं. गिटार चालत होती, बाई चालत नव्हती. आणि ते झाकायला ह्यांनी धम्म पुढं केला होता. ज्या धम्मानं हे सगळं मोडायला सांगितलं, त्याचंच पांघरूण त्याच घाणीवर! सिस्टर रामकिसनला तिथंच सोडून फिरली. उषाबाई म्हणजे नागसेनची आई, दोनदा भेटलेली, डोक्यावरून पदर घेऊन मान हलवणारी बाई. ती आतून अशी निघाली! सिस्टरनं मनातल्या मनात तिला नको ते सगळं म्हणून घेतलं. आजूबाजूला जो तो पांढऱ्या कपड्यात मिरवत होता. नवरी पांढऱ्यात, नवरा पांढऱ्यात, सरांचा झब्बा दुधासारखा. सगळ्यांना पांढरं शोभत होतं, अडलं ते एकटीच्या कपाळावर.

खोलीत आली तर प्रियानं विचारलं, “कोण हाय?”

“हाय कुणी इव्हेंटवाला,” सिस्टर म्हणाली. “तू उठ, पदर नीट घे.” सगळी नोकरी तिनं खरं बोलण्यात काढली होती, पण त्या दिवशी पोरीच्या तोंडाकडं बघून तिनं गिळलं. गिटार पिशवीत घातली, पिशवी खांद्याला लावली आणि बायकांच्या बाजूला जाऊन तिसऱ्या रांगेत बसली. पिशवी मांडीवरच ठेवली.

प्रिया आली. आदिनाथनं सिनेमातलं काहीतरी वाजवलं, चांगलं वाजवलं. नवरा-नवरी स्टेजवर बसले. बौद्धाचार्य, पिकल्या मिशांचे म्हातारे गृहस्थ, मेणबत्त्या घेऊन तयार होते. पण विधी सुरू कसा होणार? आधी सत्कार. आपल्याकडं लग्नात नवरा-नवरीला कुणी विचारत नाही, पहिला मान पुढाऱ्यांचा. सरांनी माईक घेतला आणि एकेकाचं नाव पुकारू लागले. आजी, माजी, भावी, सगळे आले. प्रत्येकाला शाल, प्रत्येकाला पुष्पगुच्छ, प्रत्येकाचे दोन शब्द, आणि ते दोन शब्द संपता संपेनात. मेणबत्त्या न पेटवताच बौद्धाचार्यांच्या हातात मऊ पडल्या. पोरं रडू लागली, म्हातारे जेवणाकडं बघू लागले. शेवटी दोन वाजून गेल्यावर सर स्वतः बोलायला उभे राहिले.

“बंधू आणि भगिनींनो! आमच्या घरात मुहूर्त नाही, हुंडा नाही, अंधश्रद्धेला थारा नाही. ज्या स्त्रीला जुन्या व्यवस्थेनं अपशकुनी ठरवून कोपऱ्यात बसवलं, तिला आम्ही मानानं पुढं आणलं. सांगायला अभिमान वाटतो की...”

“मंग मला वर कामून येऊ दिलं न्हाई, सर?”

तिसऱ्या रांगेतून आवाज आला. सिस्टर उभी होती. आपण कधी उठलो हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. तिच्याजवळ माईक नव्हता, पण फडाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला बाळंतिणीची चौकशी करणारा तिचा आवाज होता. हॉल शांत झाला.

सर हसले. असे प्रश्न व्याख्यानात विचारले जातात, त्यांना सवय होती. “ताई, हा आपला कौटुंबिक विषय आहे. नंतर निवांत बोलू.”

“नंतर कव्हा? लेक सासरी गेल्यावर? तुमी धम्माचं नाव सांगून माझी गिटार बंद केली. आन् ही कोणती हाय? ह्या भल्या माणसाचं काही न्हाई, त्याला बोलावलं, तो आला. पण मला सरळ तोंडानं सांगायचं होतं ना, की तुजं कपाळ चालत न्हाई. बाया माझ्या हातावर मोकळ्या झाल्या, तव्हा कुणी कपाळ पाह्यलं न्हाई. आजच कसं दिसलं?”

“काय झालं आत्या?” प्रिया स्टेजवरून म्हणाली. ती उठून उभी राहिली होती.

सिस्टरनं तिच्याकडं पाहिलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. “गिटार चालते म्हणं पोरी. मी चालत न्हाई.”

सगळीकडं कुजबुज सुरू झाली.  सर माईक टेबलावर ठेवून हातानंच रामकिसनला खुणावू लागले, मिटव, मिटव. आणि रामकिसन धावत माईकपाशी आला आणि त्यानं त्याच्या परीनं ते मिटवलं.

“ताई, कशाला तमाशा करून राह्यल्या? खाली बसून वाजवा की! खाली कोण न्हाई म्हणतंय तुम्हाला? फक्त स्टेजवर नको म्हणलं, इतकंच तर हाय!”

माईक चालूच होता. अख्ख्या कार्यालयानं ते ऐकलं, बाहेरच्या आचाऱ्यांनी सुद्धा.

“खाली चालतं?” प्रियानं विचारलं.

“खाली बराबर चालतं,” रामकिसन म्हणाला. त्याला वाटलं, सुटलो.

“बरं,” प्रिया म्हणाली. तिनं साडीच्या निऱ्या एका हातानं उचलल्या आणि पायऱ्या उतरून खाली आली. सरळ तिसऱ्या रांगेपाशी येऊन तिनं पुढच्या दोन खुर्च्या बाजूला सरकवल्या आणि आत्याशेजारी उभी राहिली. “मंग मीबी खालीच. लग्न खालीच लावा.”

आता सगळ्यांचे डोळे नागसेनवर. तो कमी बोलणारा मुलगा, बापाच्या छायेत वाढलेला. त्यानं बापाकडं पाहिलं. सर मान हलवत होते, बस, बस. तो क्षणभर बसलाही.  सिस्टरला वाटलं, माझ्या जिभेपायी पोरीचं लग्न मोडलं. मग नागसेन उठला. टेबलावरची बुद्धाची मूर्ती त्यानं दोन्ही हातांनी उचलली आणि सांभाळून पायऱ्या उतरू लागला. त्याच्या मागून त्याचा एक मित्र बाबासाहेबांचा फोटो घेऊन आला. बौद्धाचार्य मेणबत्त्या घेऊन उठले. “दीप काय कुठंबी लागतो,” ते सरांना म्हणाले, “स्टेज पाह्यजेच असं कुठं लिव्हलेलं न्हाई.” आणि तेही उतरले.

लोकांनी खुर्च्या मागं ओढल्या, मध्ये जागा केली. कुणी जेवणाचं टेबल आणलं, त्यावर पांढरं कापड टाकलं. आदिनाथनं आपलं उंच स्टूल आणून सिस्टरसमोर ठेवलं आणि स्वतः बाजूला हात बांधून उभा राहिला. सत्काराच्या शाली पांघरलेले पुढारी स्टेजवरच्या सोफ्यावर तसेच बसून होते. खाली उतरावं की नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सिस्टर स्टुलावर बसली.  संताप अजून उतरला नव्हता आणि संतापानं गिटार वाजत नाही. तिनं डोळे मिटले, राजानंदनं शिकवलेली पहिली कॉर्ड धरली, आणि त्रिशरण-पंचशील झाल्यावर गाथा सुरू झाल्या तशी हळूहळू त्यांच्यात शिरली. माईक नव्हता, वायर नव्हती. ऐकायचं तर लोकांना गप्प राहावं लागत होतं, आणि लोक गप्प राहिले. विहारातल्या बाया मागच्या रांगांमधून म्हणत होत्या, त्यांच्या संथ चालीत, ओळीच्या शेवटी मागं राहत. ती थांबत होती, सगळ्यांना गोळा करत होती. गाथा संपल्या तेव्हा नवरा-नवरीवर फुलं पडली, त्यातली काही सिस्टरच्या केसांवर आणि गिटारवरही पडली. मग तिनं ती जुनी चाल वाजवली. प्रिया नागसेनच्या शेजारी उभी राहून ढसाढसा रडत होती, आणि सिस्टरलाही आता समोरच्या तारा दिसत नव्हत्या. तरी हात चुकला नाही.

टाळ्या सुरू होत्या तोच स्पीकर खरखरला. सरांनी माईक पुन्हा उचलला होता.

“जोरदार टाळ्या! आमच्या विशेष विनंतीला मान देऊन आदरणीय बेबीनंदाताईंनी आज गिटारवादन केलं. रूढी मोडणारा हा आगळावेगळा सोहळा आमच्या कुटुंबानं घडवून आणला, त्याबद्दल...”

सिस्टर स्टुलावरून उठणारच होती, तेवढ्यात कुणीतरी तिचं मनगट धरलं. उषाबाई होती. डोक्यावरचा पदर घसरलेला, हातात अजून चार पाकळ्या. सिस्टरनं हात ओढून घेतला.

“ताई, एक विचारू का?” उषाबाई हळू आवाजात म्हणाली. “तुमी तर न्हाई म्हणल्या होत्या ना? सर घरी म्हणले, आत्याबाईला स्टेजवर लाज वाटून राह्यली, म्हणून दुसरा माणूस सांगितला. मला लई वाईट वाटल्तं. मी म्हणलं बी, मी जाऊन समजावते त्यांना. तर म्हणले, तू मधी पडू नको.”

सिस्टर म्हणाली, “मला रामकिसननं सांगितलं, की तुमीच न्हाई म्हणल्या. माझं कपाळ पांढरं हाय म्हणून.”

“मी?” उषाबाई म्हणाली. “मला तर कुणी विचारलंबी न्हाई.”

 स्पीकरवर सरांचं सुरूच होतं, परिवर्तन, प्रबोधन, पुढची पिढी. मघापासून सिस्टरनं जिला मनातल्या मनात शिव्या घातल्या ती ही बाई. बायकांचं म्हणणं पडलं, बायकांपुढं कुणाचं चालतं, असं रामकिसनकरवी म्हणवून सरांनी आपली भीती हिच्या पदरात बांधली होती, आणि हिला गाठ मारल्याचाही पत्ता नव्हता.

उषाबाईनं हातातल्या पाकळ्या बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवल्या. पदर डोक्यावर घेतला, मग काय वाटलं कोण जाणे, तो खाली घेऊन कमरेला खोचला. आणि पायऱ्या चढून स्टेजवर गेली. सरांना वाटलं, काही आणायचं असेल, काही विचारायचं असेल. ते बोलता बोलता तिच्याकडं झुकले. तिनं त्यांच्या हातातून माईक काढून घेतला. तो कसा धरायचा हे तिला माहीत नव्हतं, तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

“मी उषा. नागसेनची आई,” ती म्हणाली. आवाज कापत होता, पण स्पीकर चांगला होता. “ह्या ताईला मी न्हाई म्हणले नव्हते.”

माईक तिनं सरांच्या हातात परत दिला आणि खाली उतरून सिस्टरजवळ येऊन उभी राहिली. सर माईक तोंडाशी धरून होते. लोक वाट बघत होते, आणि स्पीकरमधून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता.